न दुखणाऱ्या मुलीची आई

एझाकी फुसाए यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अंडी फोडत होत्या. १९८७ चा एप्रिल. मी सांगलीहून नुकतीच जपानच्या क्यूशू बेटावर आले होते, बेप्पू शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका प्रयोगशाळेत. डॉक्टरेट झाली होती, त्यामुळे आपल्याला बरंच काही येतं असा समज होता. आमचे प्राध्यापक हिदाका सर. त्यांनी मला फुसाएंच्या टेबलापाशी नेऊन उभं केलं आणि सांगितलं, की पहिले सहा महिने या बाई सांगतील ते करायचं, माझ्याकडे काही विचारायला यायचं नाही.

त्या तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, केस मागे घट्ट बांधलेले. शिक्षण शाळेपुरतंच. सागानोसेकी या कोळ्यांच्या गावात जन्म. वडील मासळी साफ करून विकायचे आणि ही पोर सातव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून बांगड्याचे काटे काढायची. एकोणिसाव्या वर्षी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या आणि दोन महिन्यांत सरांच्या लक्षात आलं, की असे हात इथे दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

काम असं होतं. कोंबडीची फळलेली अंडी उबवणीच्या कपाटात ठेवायची आणि आठव्या दिवशी फोडायची. आत बोटाच्या पेराएवढं पिल्लू असतं. त्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींच्या गाठी असतात, खसखशीच्या दाण्याहून लहान. अंगाला काय लागलं, काय टोचलं, काय भाजलं, याची खबर मेंदूला देणाऱ्या पेशी त्या गाठींत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक चिमट्यांनी त्या एकेक सोडवून बशीत ठेवायच्या आणि वर एका प्रथिनाचा थेंब घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर गाठीतून चहूबाजूंनी तंतू फुटलेले असतात. थेंब न घातलेल्या बशीत त्याच गाठी काळवंडून मेलेल्या असतात. वाढत्या चेतापेशीला जगायला निरोप यावा लागतो. कातडी तो निरोप पाठवते, आणि ज्या पेशीपर्यंत तो पोचत नाही ती मरून जाते. आमचं सगळं संशोधन त्या निरोपाभोवती चाललेलं. फुसाए त्याला प्रथिन वगैरे म्हणत नसत, नुसतं 'थेंब' म्हणत. पुढे आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो.

पहिल्या आठवड्यात मी एकही गाठ धड काढू शकले नाही. माझं नाव सुलभा. तिकडच्या जिभेला ते जमत नाही, म्हणून मी सगळ्यांची 'सुरुबासान', म्हणजे सुलभाबाई, झाले होते. फुसाए माझी बशी उजेडात धरून बघत आणि शांतपणे म्हणत, "सुरुबासान, तुमच्याकडे कोथिंबीर चिरतात का अशी?" मग बशी ओतून देत. नवं अंडं पुढ्यात ठेवत. रागावत कधीच नसत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यांची मुलगी चिहो. ती तेव्हा सहा वर्षांची होती. शनिवारी अर्धी शाळा झाली की ती कधी कधी प्रयोगशाळेत यायची. एकदा धावताना तिचा गुडघा लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटला. आवाज एवढा झाला की मी उठून उभी राहिले. चिहो थांबली, तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि मग अगदी शिकवल्यासारखी म्हणाली, "आई गं. दुखलं."

मला हसू आलं. फुसाए मात्र खाली बसून तिच्या गुडघ्याचं हाड चाचपत होत्या. गुडघा झाल्यावर त्यांनी दुसरा पाय पाहिला, मग कोपर, बोटं, जीभसुद्धा. चिहो सवयीनं एकेक अवयव पुढे करत होती. नंतर फुसाएंनी मला सांगितलं, की तिला दुखत नाही. म्हणजे कधीच काही दुखलेलं नाही. पण न दुखल्यावर मुलं टक लावून बघतात, म्हणून दुसरी मुलं काय म्हणतात ते बघून ती म्हणायला शिकली आहे. फक्त दर वेळी तिला जरा उशीर होतो.

पुढे जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता, तुकड्या-तुकड्यांनी त्यांनी बाकीचं सांगितलं.

चिहो पोटची एकुलती. नवरा क्योहेइ सागानोसेकीहून शिकोकू बेटावर जाणाऱ्या बोटीवर इंजिनाचं काम बघायचा. तोही त्याच गावातला, लांबच्या नात्यातला. घर मात्र बेप्पूत, कारण सासूबाईंची तिथे उतारूंसाठी जुनी खानावळ होती आणि मागच्या अंगणात जमिनीतून येणाऱ्या गरम वाफेच्या चुली. उतारू आपापली भाजी, अंडी, रताळी आणून त्या वाफेवर ठेवायचे. अशा घरात ही मुलगी वाढली. बाळ असताना लस टोचली तरी रडली नाही. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, गुणाची आहे. दात आले तसं तिनं जिभेचं टोक चावून टाकलं. मग बोटं चावायला लागली. दर उन्हाळ्यात कारण नसताना ताप चढायचा. तिला घामच येत नव्हता हे कळायला दोन वर्षं गेली. आणि तिसऱ्या वर्षी एके दिवशी अंगणातून जळका वास आला म्हणून फुसाए धावत गेल्या, तर चिहो वाफेच्या नळीवर तळहात टेकवून उभी होती आणि नळीच्या आवाजाला हसत होती.

तो हात घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी भाजलेला हात पाहिला, चावलेली बोटं पाहिली, एक्स-रे काढला तर पायात जुनं, आपोआप भरून आलेलं मोडलेलं हाड निघालं. त्यांनी फुसाएंना बाहेर बसायला सांगितलं आणि आत नर्सनं मुलीला विचारलं, घरी तुला कोण मारतं. त्यानंतर नगरपालिकेची एक बाई दोनदा घरी येऊन गेली. शेजारणी बोलेनाशा झाल्या.

मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"दुसऱ्या कुणाची मुलगी तशी दिसली असती तर मीही तेच समजले असते," त्या म्हणाल्या आणि मुळ्याच्या लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

शेवटी फुकुओकातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आजार ओळखला. जन्मजात. वेदना आणि ऊन-थंडी कळवणाऱ्या बारीक चेता नाहीत, घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्याही नाहीत. जगात थोडी माणसं अशी असतात, जपानात जरा जास्त. कारण माहीत नाही, इलाज नाही. क्योहेइ मान खाली घालून ऐकत होता. फुसाएंनी विचारलं, "त्या चेता झाल्याच नव्हत्या, की झाल्या आणि मग मेल्या?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले म्हणे. असा प्रश्न त्यांना कुठल्याच आईनं विचारला नव्हता. म्हणाले, ते कुणालाच ठाऊक नाही.

घरी मग नियम झाले. रोज संध्याकाळी तपासणी. बूट घालण्याआधी झटकायचे, आत खडा असेल. आंघोळीचं पाणी आधी आईनं कोपरानं बघायचं. झोपताना हातमोजे. उन्हाळ्यासाठी फुसाएंनी आठ खिशांचं जाकीट शिवलं, त्या खिशांत बर्फाच्या पिशव्या, दर पाऊण तासाला बदलायच्या. शाळेत मुलांना कळायला वेळ लागला नाही. पैज लागायची. चिहो दंडात टाचणी टोचून दाखवायची आणि त्याबद्दल मुलं तिला खेळायला घ्यायची. फुसाएंनी दंडावरचे ठिपके पाहून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दुखत नाही ना आई, मग काय बिघडलं? नाहीतर मला लपाछपीत घेतच नाहीत." त्या दिवशी मात्र रडली. लपाछपीत घेणार नाहीत म्हणून.

हे सगळं सांभाळून फुसाए कामाला येत होत्या. आम्हाला मिळालेल्या प्रत्येक आकड्यामागे त्यांच्या हातच्या गाठी होत्या. गंमत अशी, की आम्ही दोघी आठवडाभर वेदनेच्याच पेशी वाढवायचो आणि दोघींच्याही मनात कधी आलं नाही, की त्या मुलीचं आणि या बशीचं काही नातं असेल. मी याबद्दल स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला तर शिक्षण होतं.

१९९० चा ऑगस्ट. बोनचे दिवस, सगळे आपापल्या गावी पूर्वजांच्या थडग्यांवर गेलेले. पण अंड्यांना सण कळत नाही. आठवा दिवस पंधरा तारखेला पडत होता. माझा लेख मासिकाकडून दुरुस्तीसाठी परत आला होता आणि एक प्रयोग परत करून दाखवायचा होता. मी एकटी केला असता तर गाठी कमी निघाल्या असत्या. मी फुसाएंना विचारलं. त्या म्हणाल्या, येते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. चिहोला घेऊन क्योहेइ आणि सासूबाई सागानोसेकीला गेले.

गावातली थडगी डोंगराच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून. सावली नाही. क्योहेइनं बर्फाच्या पिशव्यांची पेटी बरोबर नेली होती, तो निष्काळजी माणूस नव्हता. पण सासूबाईंनी नातीसाठी नवा सुती किमोनो शिवून घेतला होता, निळ्या फुलांचा. फोटो काढायचा होता. वरून ते जाकीट कसं दिसेल? अर्ध्या तासासाठी काढ म्हणाल्या. क्योहेइनं काढलं. चुलतभाऊ भेटले, उदबत्त्या लावल्या, अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. चिहोनं एकदाही तक्रार केली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, की झोप येतेय. क्योहेइनं तिला पाठीवर घेतलं. गावच्या घरी आणून पंख्यासमोर निजवलं. सकाळी लवकर उठली होती, दमली असेल. वीस मिनिटांनी तिचे हातपाय झटके द्यायला लागले.

प्रयोगशाळेतला फोन मी उचलला. फुसाए सूक्ष्मदर्शकावर होत्या. मी सांगितलं, त्यांनी चिमटे खाली ठेवले, हातमोजे काढले आणि उघड्या बशीवर झाकण ठेवलं. मग पिशवी घेऊन निघाल्या. त्या पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ताप बेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. चिहो नऊ वर्षांची होती.

मी गाडी चालवत होते.

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. सासूबाई पुढच्या वसंतात गेल्या. फुसाए आणि क्योहेइ दोन वर्षं एका छताखाली राहिले. त्या त्याला जेवण वाढायच्या, तो खाऊन भांडी धुवायचा. त्या मला एकदाच म्हणाल्या, की तो तोंड उघडेल तर 'मी जाकीट काढलं' एवढंच म्हणेल आणि मी उघडलं तर 'मी अंड्यांकडे गेले' एवढंच म्हणेन, म्हणून दोघंही उघडत नाही. 'माझ्या अंड्यांकडे', असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही. तो लेख मी पुढे कधीच पाठवला नाही, पण त्यानं कुणाचं काय भलं झालं? तिसऱ्या वर्षी क्योहेइ बोटीवरचं काम सोडून सागानोसेकीला परत गेला. जाताना त्यानं घरातली एकच गोष्ट मागितली, चिहोच्या नाळेची डबी. बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात तिकडे. फुसाएंनी दिली.

१९९६ च्या उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी टपालातून आलेलं मासिक उघडलं. जपानातल्याच डॉक्टरांचं काम होतं. त्या आजाराचं कारण सापडलं होतं. आमच्या थेंबातल्या प्रथिनाला धरून ठेवणारं दुसरं एक प्रथिन पेशीच्या अंगावर असतं. आम्ही त्याला ग्राही म्हणतो. या मुलांमध्ये त्या ग्राहीचं जनुकच बिघडलेलं असतं.

मी ते पान घेऊन सरांकडे गेले. सरांनी वाचलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "तू सांग. मला नाही जमणार." सत्तावीस वर्षं ती बाई त्यांच्या हाताखाली काम करत होती.

जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं. फुसाए ऐकत होत्या. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं.

"म्हणजे तिला थेंब कमी पडला?"

"नाही. थेंब भरपूर होता. तुमच्या पोटात तिची कातडी तो तयार करत होती. पण पेशींना तो घेता येत नव्हता."

"आणि बाहेरून आणखी घातला असता तर?"

"तरी नाही."

त्यांनी मान हलवली. मग तो जुना प्रश्न विचारला, जवळजवळ त्याच शब्दांत. "झाल्या होत्या की झाल्याच नव्हत्या?"

"झाल्या होत्या," मी म्हणाले. "मग गेल्या. जन्माच्या खूप आधी."

"पोटात असताना."

"हो."

"माझ्या पोटात असताना. आणि मी इथे बसून या पिल्लांच्या वाचवत होते." त्या हे रडून म्हणाल्या नाहीत. एखाद्या नोंदीत चूक सापडावी तशा म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी ठरलेल्या चोवीस बश्या पूर्ण केल्या. मी मोजल्या नव्हत्या, त्यांनीच जाताना सांगितलं, चोवीस झाल्या म्हणून.

आठवड्यानं त्या सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला नक्की कळायला हवं. चिहोचं रक्त कुठे उरलेलं नव्हतं. सर म्हणाले, आई-बापांचं रक्त तपासता येईल, पण मुलीचं काही असतं तर... आणि मग ते थांबले, कारण दोघांनाही एकदमच ती नाळेची डबी आठवली.

फुसाएंनी मला बरोबर नेलं. क्योहेइ बंदराजवळ एका छपरात मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत होता. चार वर्षांत पार वाळला होता. त्यानं आम्हाला बसायला उलटे खोके दिले, डब्यातला थंड चहा दिला. फुसाएंनी का आलो ते सांगितलं. तो हात पुसत राहिला, तेल निघेना. मग आत जाऊन डबी घेऊन आला. त्यानं ती रुमालात बांधलेली होती.

"सगळी लागेल का?" त्यानं विचारलं.

"तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढा."

"बाकीची आणून देशील?"

"देईन."

तो तुकडा कापायला प्रयोगशाळेत कुणी पुढे येईना. मी चिमटा उचलला आणि खाली ठेवला. फुसाएंनी मला बाजूला केलं, दिवा जवळ ओढला. त्यांनी नाळ ओलसर केली, कडेची धूळ काढली आणि दाण्याएवढा तुकडा एका कापात वेगळा केला. काम झाल्यावर त्यांनी दिवा विझवला आणि तिथेच बसून राहिल्या. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "आता नको, सुरुबासान." म्हणून काढून घेतला.

निकाल यायला पाच महिने लागले. आईकडे जनुकाची एक प्रत बिघडलेली, बापाकडे एक. दोघांच्याही चांगल्या प्रतीमुळे दोघंही धडधाकट. चिहोला दोघांकडून नेमक्या बिघडलेल्या मिळाल्या होत्या. चारात एक अशी शक्यता.

फुसाए डबी परत द्यायला गेल्या तेव्हा मी गाडीत थांबणार होते, पण त्यांनी बोलावलं. कागद समजावून सांगायला कुणी हवं होतं. मी सांगितलं, चित्र काढून दाखवलं. क्योहेइनं चित्र बराच वेळ हातात धरलं.

"म्हणजे अर्धं माझ्याकडून," तो म्हणाला.

"आणि अर्धं माझ्याकडून," फुसाए म्हणाल्या. "दोघांनाही माहीत नव्हतं. तुमच्या आईलाही नाही, माझ्या आईलाही नाही. हे सांगायला आले. तुम्ही इतकी वर्षं मनात धरून बसलात. जे झालं ते ती जन्मायच्या आधीच ठरलं होतं, क्योहेइसान."

त्यानं कागदाची घडी घातली. "आजार ठरला होता," तो म्हणाला. "यात उन्हाचं काही लिहिलंय का?"

फुसाएंनी नकारार्थी मान हलवली.

"लिहिलेलं नाही ना? ऊन माझ्याकडूनच लागलं." मग थोड्या वेळानं, बायकोकडे न बघता, "पण तू आलीस हे बरं केलंस. बस चुकेल, निघा." आम्ही गाडीनं आलो होतो, तरी त्यानं तसंच म्हटलं. ते दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत. दर नव्या वर्षाला तो त्यांना वाळवलेली मासळी पाठवायचा आणि त्या लोकरीचे मोजे पाठवायच्या. २००१ मध्ये तो फुप्फुसाच्या आजारानं गेला. डबी त्याच्याबरोबर गेली. फुसाएंनीच त्याच्या भावाला तसं सांगितलं.

आता जे सांगते ते मला पुष्कळ नंतर कळलं, कारण त्यांनी याचा गवगवा केला नाही. १९९७ मध्ये हिदाका सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे एक तरुण जोडपं आलं, दोन वर्षांची मुलगी घेऊन. तोच आजार. मुलीचं नाव युझुकी, आईचं नाव मानामी. सरांनी फुसाएंना भीतभीत विचारलं, भेटाल का? त्या पुढच्याच रविवारी गेल्या. बरोबर आठ खिशांच्या जाकिटाचा नमुना कागदावर कापून नेला होता.

मानामीनंच मला त्या पहिल्या भेटीचं सांगितलं. फुसाए आल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता मुलीचे बूट मागितले. आत हात घालून बघितलं. मग जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांना घालायचं मऊ टोपण कुठे करून मिळेल ते सांगितलं, तपासणी कशी करायची ते करून दाखवलं, पायापासून वर, म्हणजे पोरगी कंटाळायच्या आत पाय तरी होतात. मानामीनं वहीत सगळं उतरवलं. तिला फार धीर आला. शेवटी चहा देताना तिनं सहज विचारलं, की तुमची मुलगी आता केवढी झाली असेल.

फुसाए म्हणाल्या, "सोळा झाली असती. उन्हात गेली. म्हणूनच आलेय मी. वहीत सगळ्यात वर ऊन लिहा."

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी त्या जायच्या. युझुकी धावायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्या कोपऱ्यांना त्यांनी स्वतः मऊ लोकरी नमदा चिकटवला. ती शाळेत जायला लागली तेव्हा आधी त्या मुख्याध्यापकांना भेटून आल्या आणि वर्गातल्या मुलांपुढे उभं राहून सांगितलं, की हिला टाचणी टोचून काही बक्षीस मिळत नाही, टोचणाऱ्याला मात्र माझ्याकडून मिळेल. मुलं घाबरली असावीत. युझुकीच्या दंडावर कधी ठिपके दिसले नाहीत. ती त्यांना आजी म्हणायची. एकदा मी विचारलं, कशी आहे पोरगी? तर म्हणाल्या, हट्टी आहे, चिहोपेक्षा हुशार आहे.

युझुकी दहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी तिकडे जाणं बंद केलं. मानामीला वाटलं आपलं काही चुकलं. ती फळांची पेटी घेऊन प्रयोगशाळेत आली, मला भेटली, रडवेली झाली होती. मी संध्याकाळी फुसाएंना विचारलं. त्या चिमटे उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर मांडत होत्या.

"काही चुकलं नाही तिचं," त्या म्हणाल्या. "मला येत होतं ते सगळं सांगून झालं, सुरुबासान. नऊ वर्षांपुढचं मला माहीत नाही. ते आता त्यांचं त्यांनी शिकायचं."

मी म्हटलं, नुसतं भेटायला तरी जा. त्या म्हणाल्या, बघू. चिमटे पुसून झाले, त्यांनी ते पेटीत ठेवले आणि शेवटची बस गाठायला निघून गेल्या.

युझुकी आता तिशीकडे आलीय. एका ग्रंथालयात काम करते, डाव्या पायाची दोन बोटं गेली आहेत, बाकी ठीक आहे. फुसाए तिला पुन्हा भेटायला गेल्या नाहीत.